नुसते हात जोडून काय होतं?

एखादी दुर्घटना घडली की पुढच्या काही दिवसांत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतोच. ३ मे २०२५ ला पहाटे गोव्यात शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा आला. त्याच वर्षी डिसेंबरात हडफडेच्या नाइट क्लबला आग लागून २५ जण गेले तेव्हाही आला. काहीजण रागाने विचारतात. मोबाईलवर हात जोडलेली चित्रं येत राहतात आणि जागेवर काहीच हलत नाही, याचा तो राग असतो. काहीजण मान खाली घालून विचारतात, कारण जप, आरती, भजन यांपलीकडे आपल्या हातून काहीच झालं नाही हे त्यांना खात असतं. अशाच एका काकींची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

डिचोली तालुक्यातलं गाव. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते तिथे कोंड आहे, वरून शांत आणि आत खोल. जुलैत शेजारच्या घरातला बारावीचा मुलगा मित्रांबरोबर तिथे उतरला आणि बुडाला. काकी महिला मंडळाच्या अध्यक्ष. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवळात नामजप सुरू केला. बायका रोज संध्याकाळी जमू लागल्या. आठवड्याभरानंतर एकदा जेवताना त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही रोज इतक्या जणी जमता. कोंडावर बोर्ड लावायला त्यातल्या दोघी पुरल्या असत्या. गेल्या पावसात एकजण थोडक्यात वाचला, तेव्हाही तुम्ही देवाला नारळच ठेवलात."

तेव्हापासून काकींना जप करता येईना. माळ हातात घेतली की मुलीचं बोलणं कानात घुमायचं. रात्री दोनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, खरं काय ते सांगा. प्रार्थनेचा उपयोग होतो, की आम्ही आपल्या मनाची समजूत घालतो?"

देव ऐकतो की नाही, यावर मी कधीच बोलत नाही. तो माझा अधिकार नाही. पण माणसांवर काय परिणाम होतो ते काही प्रमाणात मोजलं गेलंय, ते मी सांगते. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी दुरून प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. उलट "तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे" असं ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली.

"म्हणजे मुलगीच बरोबर," काकी म्हणाल्या.

मी विचारलं, "त्या मुलाच्या आईकडे तुम्ही जात होता?"

जात होत्या, रोज. जप आटपला की चार-पाच जणी तिच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. ती बोलत नसे, खात नसे. एका संध्याकाळी बायकांनी हळू आवाजात अभंग धरला. दुसऱ्या कडव्याला तिने स्वतःहून ध्रुपद उचललं आणि मधेच तिचा बांध फुटला. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. त्या रात्री काकींनी आणलेली पेज तिने अर्धी वाटी घेतली. हे सगळं काकी मला अगदी सहज सांगत होत्या, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. आणि त्या ओसरीवर कोणीही "देवाची इच्छा" हे शब्द काढले नाहीत, हेही त्यांनी मी विचारल्यावरच सांगितलं. ज्या आईचं मूल गेलं तिला हे दोन शब्द किती लागतात ते मी माझ्या खोलीत अनेकदा पाहिलंय.

दुरून केलेली प्रार्थना आणि ही ओसरीवरची प्रार्थना या माझ्या मते दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीत माणसं येतात, वेळ देतात, रोज येतात. शोकात बुडालेल्या घराला ती मदतच असते. हे मी काकींना ठामपणे सांगितलं, कारण मुलीच्या एका वाक्याने त्यांनी तेही मातीमोल ठरवलं होतं.

पण मुलीच्या बोलण्यातलं खरं बाजूला सारणंही बरोबर नव्हतं. लिंडा थनस्ट्रॉम या वायोमिंग विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ. चक्रीवादळात सापडलेल्यांसाठी आधी प्रार्थना करायला लावून मग देणगी मागितली, तर लोक किती देतात हे त्यांनी तपासलं. २०२० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की प्रार्थना केलेल्यांनी कमी पैसे दिले. मला यात ढोंग दिसत नाही. मनापासून प्रार्थना केली की छातीवरचं ओझं उतरतं, आणि ओझं उतरलं की काम झाल्यासारखं वाटतं. काकींच्या गावात गेल्या पावसानंतर नेमकं हेच झालं. पोरगा वाचला, नारळ ठेवला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि कोंड होता तसाच राहिला.

हे बोलल्यावर काकी जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पण मॅडम, वास्कोचा सप्ताह प्लेगातूनच सुरू झाला ना? लोक जांबावलीला दामोदराकडे गेले आणि साथ हटली, असंच आम्ही ऐकत आलो."

प्रश्न रास्त होता. वास्को शहरात दरवर्षी होणाऱ्या दामोदराच्या भजनी सप्ताहामागची ती आठवण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं. हाफकिनची लस १८९७ मध्ये मुंबईत तयार झाली, ती नुकतीच कुठे लोकांपर्यंत पोचत होती. सगळं हाताबाहेर गेलेलं असताना त्या माणसांनी एकत्र येऊन देवाला हाक मारली, आणि शंभराहून जास्त वर्षं ते शहर त्या हाकेभोवती जमतंय. त्यांना कोण दोष देईल? कोंडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यावरचा इलाज गावाच्या हातात आहे.

मानसशास्त्रात केनेथ पार्गामेंट यांनी १९८८ मध्ये श्रद्धावान माणसांच्या तीन रीती मांडल्या. काही सगळं देवावर सोपवतात, काही देवाला बाजूला ठेवून स्वतःच निभावतात, काही देवाला सोबत घेऊन आपला वाटा उचलतात. आपल्याला आवाक्यातलं काही करता येत असेल तिथे तिसरी रीत माणसाला जास्त पेलते, असं मला कामात दिसत आलंय. काकींना श्रद्धा सोडायला सांगणं क्रूरपणा झाला असता, आणि त्याची गरजही नव्हती.

मी त्यांना विचारलं, "जपाला बसता तेव्हा देवाकडे नेमकं काय मागता?"

"पुन्हा कोणाचं पोर जाऊ नये."

"गाऱ्हाणं घालताना कसं एकेक नाव घेऊन सांगतात, तसं सांगा. पोर जाऊ नये म्हणजे कोंडावर काय काय व्हायला हवं?"

त्यांनी जपाची वही काढली आणि तिथेच लिहायला घेतलं. वाटेवर मराठी-कोंकणीत मोठा फलक. काठावर लांब दोरी आणि हवा भरलेली ट्यूब. बुडणाऱ्यामागे कोणी उडी घेऊ नये, आधी दोरी टाकावी, हे पोरांना शिकवणं. बाहेर काढलेल्याला काय करायचं ते मोठ्यांना शिकवणं. इथे त्या अडखळल्या. त्या मुलाला बाहेर काढलं तेव्हा माणसं त्याला पालथं घालून पोटातलं पाणी काढत बसली होती. श्वास थांबला की मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटंच लागतात. पोट दाबण्यात ती घालवायची नसतात, लगेच तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला घ्यायची असते आणि १०८ ला फोन करायचा असतो. हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

मग त्यांच्या अंगात उत्साह संचारला आणि तिथे मला त्यांना थोडं थांबवावं लागलं. मंडळाच्या काहीजणींना मुलाचा फोटो घालून बॅनर लावायचा होता. मी म्हटलं, आधी आईला विचारा. कामाच्या धडाक्यातही शोक तुडवला जातो, आणि तेव्हा आपण फार चांगलं करतोय असंच वाटत असतं. आईने फोटोला नकार दिला, दोरीला होकार दिला. प्रार्थनेच्या बाबतीतही हेच. जिला हवी तिच्यासाठी ती आधार, जिला नको तिच्यावर ती लादणं. विचारायला दोन मिनिटं लागतात.

ऑगस्टच्या एका रविवारी बायका ग्रामसभेला गेल्या. एरवी तिथे पुरुषच जास्त. काकींनी उभं राहून वहीतली यादी वाचली. ट्यूब आणि दोरी गणेश चवथीच्या आधी लागली, ती गावच्या गॅरेजवाल्याने दिली. अग्निशमन दलाच्या जवानांनी देवळाच्या मंडपात एक दुपार प्रात्यक्षिक दिलं. पुतळ्याची छाती दाबताना साडीचा पदर खोचून बायका घामाघूम झाल्या होत्या, "जोरात, काकी, अजून जोरात" असं जवान सांगत होता. फलकाला मात्र पंचायतीने बराच वेळ लावला.

काकींची झोप हळूहळू परत आली, जपही. मुलाच्या आईला मी पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण सहा महिने उलटूनही तिचं दैनंदिन जगणं ठप्प होतं, आणि अशा दीर्घ शोकावर नीट उपचार लागतात. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत ते मिळतात. घरातून निघणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही बोलता येतं.

काकींची मुलगी अजूनही जपाला बसत नाही आणि काकी तिला बस म्हणत नाहीत. पंचायतीला आणि मामलेदारांना जाणारे अर्ज तीच लिहिते. कोंडाकडच्या उतारावरच्या कठड्याचं अंदाजपत्रक अजून मंजूर झालेलं नाही, म्हणून पुढच्या ग्रामसभेला मायलेकी दोघी जाणार आहेत.