मध्ययुगात जर्मनीतल्या चर्चमधल्या मूर्ती घडवणाऱ्यांना स्वतःचं नावच का नसायचं?

प्रश्नात थोडी गफलत आहे. बहुतेकांची नावं हरवली हे खरं, पण सगळ्यांची नाही. न्यूर्नबर्गच्या आडाम क्राफ्टचंच बघा. नावाचं सोडा, या पाथरवटाने अख्खा स्वतःलाच चर्चमध्ये कोरून ठेवलंय.

नोकरीमुळे मी काही काळ त्या भागात होतो. सेंट लोरेन्झ चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांसारखाच मान वर करून उभा राहिलो. तिथे खांबाला लगटून सुमारे २० मीटर उंच दगडी मनोरा चढत जातो. प्रसादाची पवित्र भाकरी ठेवायची जागा त्यात आहे. आपल्या भाषेत देव्हाराच म्हणा. शेंडा छताला टेकायच्या आत वेलीच्या कोंबासारखा वळलाय. नक्षी इतकी नाजूक, की क्राफ्टला दगड मऊ करायची विद्या येत होती अशी दंतकथाच पसरली. अर्थात विद्याबिद्या काही नाही, साधा वालुकाश्म आणि हातोडी-छिन्नी.

मान दुखली म्हणून खाली पाहिलं, तर तीन माणसं गुडघे टेकून तो सगळा डोलारा पेलत बसलेली. त्यांतला दाढीवाला, डोक्याला टोपी, हातात अवजारं, अंगावर कामाचे कपडे, तोच क्राफ्ट. ना संत, ना राजा. दुपारची सुट्टी झाली की उठून जेवायला जाईल, असा.

आता नाव कसं टिकलं ते सांगतो. न्यूर्नबर्ग व्यापाऱ्यांचं शहर, आणि व्यापारी हिशेब लिहून ठेवतो. हे काम हान्स इमहोफ या व्यापाऱ्याने १४९३मध्ये रीतसर करार करून दिलं: मुदत ३ वर्षं, मोबदला ७०० गुल्डन, म्हणजे तिथली तेव्हाची सोन्याची नाणी. काम १४९६ला पुरं झालं आणि इमहोफने ठरल्यापेक्षा ७० गुल्डन जास्तच मोजले. ज्या गावांत असे कागद राहिले नाहीत, तिथले तितकेच कसबी हात आज 'अमुक मूर्तीचा कारागीर' एवढ्यावरच ओळखले जातात. कला कमी नव्हती, वही हरवली.

याच शहराचं दुसरं चित्र क्राफ्टनेच १४९७मध्ये कोरलं, तेही देवाधर्माचं नाही. शहराच्या वजनघरासाठी केलेलं शिल्प. मधोमध मोठा तराजू, त्याखाली काट्यावर नजर लावून उभा असलेला तोलणारा. एका बाजूला नोकर पारड्यात वजन टाकतोय, तर दुसरीकडे व्यापाऱ्याचा हात पैशाच्या थैलीत गेलाय, पण बाहेर यायला तयार नाही. वर कोरलंय, 'तुला जसं, तसंच दुसऱ्यालाही.' मला विचाराल तर तो थैलीतला हात मनोऱ्यातल्या सगळ्या नक्षीपेक्षा सरस आहे.

क्राफ्ट १५०९च्या सुमारास जवळच्या श्वाबाखला वारला. १५२५ साली शहर ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट झालं. त्या पंथात पवित्र भाकरी अशी जपून ठेवत नाहीत, त्यामुळे त्या देव्हाऱ्याचा मूळ उपयोगच संपला, तरी कुणी तो पाडला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याच्याभोवती भिंत बांधली होती. बॉम्बहल्ल्यात चर्चचं छत कोसळलं तेव्हा मनोऱ्याच्या वरच्या भागाचं नुकसान झालं. तो नंतर दुरुस्त केला. खालची तिघं मात्र आजही तशीच गुडघे टेकून आहेत.