ट्रायकोकार्डमधून निघालेल्या मित्रकीटकाची जात रंगावरून ओळखता येते का?

ट्रायकोग्रामा हा किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती नष्ट करणारा सूक्ष्म मित्रकीटक; तो आत वाढत असलेली अंडी चिकटवलेले कार्ड म्हणजे ट्रायकोकार्ड. कार्डातून निघालेले कीटक पिवळे असले तर ट्रायकोग्रामा किलोनिस आणि काळे असले तर ट्रायकोग्रामा जापोनिकम, असे धरून चालावे का, असे आपण विचारले आहे. धरून चालू नये. याच मुद्द्यावर माझे सहा आठवड्यांचे काम एका संध्याकाळी भट्टीत गेले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. तांदळावरील पतंग ज्वारीच्या भरड्यावर वाढवायचा, त्याची अंडी डिंकाने कार्डावर चिकटवायची, त्यांवर ट्रायकोग्रामा सोडायचा आणि तो आत वाढू लागून अंडी काळी पडली की कार्डे शेतकी विभागाकडे द्यायची, हे आमचे रोजचे काम होते. एका डिसेंबरात खोलीतील हीटर बिघडला आणि दुरुस्त होईपर्यंत रात्रीची थंडी आत शिरत राहिली. त्या थंडीत वाढलेली पिढी निघाली ती काळपट पोटाची. आमच्या साहेबांनी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "यात जापोनिकम मिसळला आहे. सगळी कार्डे जाळून टाका." किलोनिस आम्ही उसाच्या खोडकिडीसाठी देत होतो आणि जापोनिकम शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी वापरतात, त्यामुळे भेसळ झाली असती तर त्यांची काळजी रास्त होती, पण भेसळ झालेलीच नव्हती.

जापोनिकम मुळातच काळसर असतो हे खरे, परंतु किलोनिसही थंडीत वाढला की गडद होतो. म्हणून मी त्या नळीतील नर वेगळे काढले. कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असला तरी नराच्या शृंगिकेवरील (डोक्यावरच्या मिशीवरील) लांब केस आणि मादीच्या शृंगिकेचे गदेसारखे टोक सूक्ष्मदर्शकाखाली लगेच वेगळे दिसतात. पाच नर क्लोरल हायड्रेटमध्ये पारदर्शक करून, पाठ वर येईल असे स्लाइडवर बसवले. पाचही नरांच्या जननांगाचा पाठीकडील पडदा त्रिकोणी होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गोलसर पाळ्या स्पष्ट दिसत होत्या. हा किलोनिसच होता. साहेबांनी मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळासुद्धा लावला नाही. मी एक नळी मागे ठेवली होती. तिच्यातील कीटकांना नवी अंडी देऊन ती २७ अंश सेल्सिअसला ठेवली, तेव्हा पुढची पिढी स्वच्छ पिवळी निघाली. तोवर कार्डांची राख झाली होती.

नराच्या जननांगावरून जात ठरवण्याची ही पद्धत माझी नव्हे. कीटकशास्त्रज्ञ एच. नागराजा आणि सुधा नागरकट्टी यांनी १९७१ साली बेंगळुरूहून ती पक्की मांडली. त्याआधी आपल्याकडील ट्रायकोग्रामाला कधी इव्हॅनेसेन्स, कधी मिनुटम म्हणत असत. पुढेही आपली ही जात ऑस्ट्रॅलिकम आणि नंतर कन्फ्यूझम या नावांनी लिहिली गेली; इशी यांनी १९४१ साली जपानमधून वर्णिलेली किलोनिस हीच ती, हे १९७९ साली स्पष्ट झाले. स्लाइड समोर ठेवून काम करणाऱ्या तज्ज्ञांनाही नाव नक्की करायला इतकी वर्षे लागली, तर खिडकीशी उभे राहून जात सांगणाऱ्याचा शब्द, मग तो कितीही वरच्या हुद्द्यावर असो, प्रमाण मानू नये.

अंडी काळी पडली एवढ्यावरूनही जात कळत नाही. उसाच्या पानावर आपणहून काळी पडलेली अंडी दिसली, तर त्यांत टेलेनोमस हा वेगळाच मित्रकीटक असू शकतो.

जननांगाची खूण नर असतील तरच उपयोगी पडते, हे मी आधीच सांगायला हवे होते. वोल्बाकिया जिवाणूची लागण झालेल्या काही वाणांत फक्त माद्याच निपजतात. तेथे डीएनए तपासणीशिवाय इलाज नाही. घरच्या भिंगातून यातले काहीच दिसणार नाही. शंका असेल तर दहा-वीस कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे विचारणा करावी. कुपीत कागदाची चिठ्ठी घालून तीवर कार्डाची तारीख आणि कीटक वाढले त्या दिवसांतील खोलीचे तापमान लिहावे. शाई अल्कोहोलमध्ये फुटते, म्हणून पेन्सिलीने लिहावे.