कडी आतून लावून घेतलेलं इंजेक्शन

"मॅडम, गोळ्या कितीही द्या, पण स्वतःला टोचून घेणं मला जमायचं नाही." म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरचा 'गोळ्या कितीही' म्हणाला की पुढचं मला कळतं. यातले बरेच जण मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे असतात. वय विशी-तिशीतलं. न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर दोन शब्द: 'सुईची भीती'. माझं मत विचाराल तर यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना सुईची भीती नसतेच.

आधी आजाराविषयी थोडं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. मग कधी एका डोळ्याला धूसर दिसतं, कधी पाय बधिर होतो, कधी चालताना तोल जातो. त्याचे झटके येतात, ओसरतात, पुन्हा येतात. ग्लॅटिरॅमर किंवा इंटरफेरॉन बीटाची इंजेक्शनं हे झटके कमी करण्यासाठी असतात. आधी झालेलं नुकसान ती भरून काढत नाहीत. त्यामुळे होतं काय, टोचल्याचं दुखणं आज जाणवतं आणि फायदा मात्र दिसत नाही. हेल्मेट घातल्यामुळे वाचलेलं डोकं कुणाला दिसतं का? तसंच हे. म्हणून डोस चुकवणं फार सोपं जातं.

विनय (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) पेडणे तालुक्यातला. मोपाच्या विमानतळावर शिफ्टमध्ये काम करणारा, अविवाहित, घरी आई आणि तो. डोळ्याचा झटका आला तेव्हा स्टेरॉइडची सलाईन लागली, हॉस्पिटलात राहावं लागलं. आईला एवढंच ठाऊक होतं की डोळ्याची नस सुजली होती आणि ती बरी झाली. त्यानंतर ग्लॅटिरॅमर 40 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आठवड्यातून तीनदा सुरू झालं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या भेटीत तो 'सुई' हा शब्दसुद्धा टाळत होता. "ते घेताना हात थरथरतो," म्हणाला.

"पहिल्यापासून?"

"नाही. आधी जमायचं."

इथे माझे कान टवकारले. सुईची खरी भीती पहिल्या दिवसापासून असते, बहुतेकदा लहानपणापासून. मधेच सुरू झालेल्या थरथरीमागे काहीतरी घडलेलं असतं. ते बाहेर यायला दोन भेटी जाव्या लागल्या. एका संध्याकाळी इंजेक्शन घेतल्यावर त्याचा चेहरा एकदम तापला, छाती आवळून आली, धडधड वाढली, श्वास पुरेना. तो बाथरूमच्या फरशीवर बसून राहिला. थोड्या वेळाने सगळं आपोआप ओसरलं.

"हाक का मारली नाही?"

"कडी आतून होती."

"हाक मारायला कडी काढावी लागत नाही."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हाक मारली असती तर आईने विचारलं असतं, आत काय करत होतास."

ग्लॅटिरॅमर घेणाऱ्या काही जणांना अशी प्रतिक्रिया येते. इंजेक्शननंतर काही मिनिटांतच चेहरा लाल होतो, छाती भरून येते, धडधडतं, धास्ती वाटते आणि बहुतेकदा पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात सगळं निवळतं. हे त्याला नर्सने सुरुवातीलाच समजावलं होतं. पण एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी. क्वचित हीच लक्षणं जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीची, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसची असू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जानेवारी 2025 मध्ये या औषधावर तसा ठळक इशारा छापायला लावला. पहिल्या डोसला काही झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही असं नाही, अनेक वर्षांनीही होऊ शकतं. म्हणून लक्षणं वाढत गेली किंवा ओसरेनात, अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ-घसा सुजला, श्वासाला घरघर लागली, चक्कर येऊन पडायला झालं, तर वाट बघत बसायचं नाही. लगेच 108 ला फोन. आणि अशी प्रतिक्रिया एकदा येऊन गेली असेल, अगदी सौम्य का असेना, तर पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही. विनयने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्याने न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. औषधाचा निर्णय घेणं हे समुपदेशकाचं काम नाही, पण फोन लावून घेणं नक्कीच आहे.

डॉक्टरांनी त्याला बोलावून तपासलं आणि औषध चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले. अट एकच, इंजेक्शन घेताना हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं. तिथे गाडी अडली.

पुढच्या भेटीत मी विषय बदलून सहज विचारलं, घरात आणखी कुणाला औषधं असतात का.

"आईला शुगर आहे. इन्सुलिन घेते."

"कुठे बसून घेते?"

"स्वयंपाकघरात. जेवणाआधी. शेजारचं पोर आलेलं असलं तर त्यालाच सांगते, फ्रिजातलं पेन काढून दे म्हणून."

"पेन फ्रिजात कुठे असतं?"

"दाराच्या कप्प्यात. अंड्यांच्या बाजूला."

"आणि तुमचं इंजेक्शन?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "खालच्या ट्रेमध्ये. भाजीखाली. काळ्या पिशवीत."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हीच निम्मी कला आहे, आणि ती मला बऱ्यापैकी साधली आहे असं मी नम्रपणे म्हणेन.

"लोकांना कळलं तर बिचारा म्हणतील," तो स्वतःहूनच पुढे बोलला. "मुलगी कोण देणार?"

"आईला कोण बिचारी म्हणतं?"

तो खळखळून हसला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. "आईला बिचारी म्हणायची कुणाची टाप आहे?"

"ती तर दिवसातून दोनदा टोचून घेते."

हसू थांबलं. "म्हणजे टोचून घेणारा बिचारा असतो, हे मीच धरून बसलोय."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पंथातली. 1955 च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीने माझं बोट धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. आपल्या आजाराबद्दल सगळ्या गावाला कळू नये ही इच्छा झाली, आणि ती अगदी रास्त आहे. कुणालाही कळता कामाच नये, कळलं तर संपलंच सगळं, हा हट्ट झाला. इच्छेबरोबर जगता येतं. हट्टापायी माणूस कडी लावून एकटा फरशीवर बसतो.

विनयच्या इंजेक्शन घेण्यातल्या झाडून सगळ्या चुका या एका हट्टातून आल्या होत्या, आणि या केसमधलं हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. नर्सने त्याला सगळं शिकवलं होतं, तक्ता दिला होता. त्याला पाठही होतं. फ्रिजमधून काढल्यावर सिरिंज वीसेक मिनिटं बाहेर ठेवायची, म्हणजे कमी दुखतं. पण वीस मिनिटं ठेवणार कुठे? आई बघेल. म्हणून गारढोण औषध तसंच टोचायचं. जागा दर वेळी बदलायची, एकाच ठिकाणी आठवड्यात पुन्हा टोचायचं नाही. पण शर्ट वर करून झटपट उरकायला बेंबीच्या डावीकडची जागा सोयीची. म्हणून कायम तीच. तिथे आता बोट रुतेल असा खड्डा पडला होता. कातडीखालची चरबी विरून पडलेले असे खड्डे बहुधा भरून येत नाहीत. पिशवी भाजीखाली सरकवता सरकवता फ्रिजच्या मागच्या थंड भिंतीला टेकायची. हे औषध गोठलं की फेकावंच लागतं. आणि वापरलेल्या सिरिंजा? त्या कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. पंचायतीची कचरा वेचणारी बाई हाताने पिशवी उघडते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी ते बोलले तेव्हा त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

माहिती कमी पडली म्हणून इंजेक्शन असुरक्षित झालेलं मी फार थोडं पाहिलं आहे. लपवालपवीमुळे झालेलं मात्र वरचेवर पाहते. तुमच्याकडेही कुणी एमएसचं इंजेक्शन घेत असेल तर 'नीट घेतोस ना?' असं विचारू नका. 'कुठे बसून घेतोस?' असं विचारा.

आईला सांगायचं कसं, याची आम्ही तालीम केली. प्रत्यक्षात तालमीतलं एक वाक्यही लागलं नाही. त्याने इन्सुलिनच्या वेळी आपली सिरिंज आणून ओट्यावर ठेवली. आई रडली, रागावली, कधीपासून म्हणून विचारलं. मग पोटावरचा खड्डा बघून म्हणाली, "अरे, एकाच जाग्यार टोचत रावल्यार गांठी येतल्यो न्हय!" तिला हे कोणत्याही तक्त्याशिवाय ठाऊक होतं.

पुढच्या भेटीला तीही आली, वहीच घेऊन. मला माणसांपेक्षा वह्यांचा भरवसा अधिक, त्यामुळे आमचं लगेच जमलं. पोट, मांड्या, कुल्ह्यांचा वरचा भाग, दंडाची मागची बाजू. डावं-उजवं धरून सात जागा तिने आखल्या होत्या. बेंबीभोवती पाच सेंटिमीटर सोडायचं, खड्डा पडलेली जागा कायमची वगळायची. टोचल्यावर चोळायचं नाही. तिची एक सवय मात्र मी आणि नंतर नर्सने मोडून काढली. ती इन्सुलिनची सुई दोन-तीनदा वापरायची. सुई एकदा वापरली की संपली, इन्सुलिनची असो की एमएसची. टोपण परत बसवायच्या फंदात न पडता ती झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायची आणि बाटली भरली की कुठे द्यायची ते हॉस्पिटलात विचारायचं. दोघांची औषधं आता फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आहेत, पण दोन वेगळ्या डब्यांत, वर मोठ्या अक्षरात नावं. घाईत एकाचं इन्सुलिन दुसऱ्याला गेलं तर ती चूक भारी पडेल.

गोव्यात प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न: पावसात वीज जाते, मग? ग्लॅटिरॅमर 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, पण 15 ते 30 अंशांत, उजेडापासून दूर, महिनाभर चालतं. तेव्हा चार तास वीज गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. फ्रिजचं दार बंद ठेवा म्हणजे झालं. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं औषध ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे 30 अंश कधीच ओलांडलेले असतात. इंटरफेरॉनचे नियम ब्रँडप्रमाणे बदलतात, खोक्यातला कागद वाचा. इंटरफेरॉनवाल्यांना आणखी सांगते: इंजेक्शननंतर ताप-अंगदुखी येते, म्हणून पुष्कळ जण ते रात्री झोपण्याआधी घेतात, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि मन सतत उदास राहू लागलं, जगणं नको वाटू लागलं, तर 'आजारामुळे असेल' म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आणि ज्यांना खरोखरच सुईची भीती असते त्यांचं काय? फोंड्याची एक कॉलेजातली मुलगी सुई पाहताच कोसळायची. घरचे तिला 'अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे' सांगायचे. कोसळणाऱ्यांसाठी हा सल्ला उलटा पडतो. त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून अंग सैल न सोडता आवळायला हवं. हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट मोकळं. असं पाचेक वेळा. लार्स-गोरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत आहे. जिथे टोचायचं तो भाग तेवढा टोचताना सैल ठेवायचा. हे आधी सुईशिवाय शिकायचं, मग सिरिंजचा फोटो, मग बंद सिरिंज, मग उघडी. मुलगी आता स्वतः घेते.

विनयचं एक काम बाकी होतं. मधल्या काळात त्याने किती डोस बुडवले, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. एमआरआयमध्ये नवा डाग दिसला तेव्हा औषध लागू पडत नाही असं समजून ते आणखी जोरदार औषधाचा विचार करत होते. 'चुकलेले डोस सांगितले तर ओरडतील,' हे त्याचं म्हणणं. "ओरडतीलही," मी म्हटलं. "पण न घेतलेल्या औषधाला नापास करून भलतंच औषध चालू होण्यापेक्षा परवडलं." तो गेला, वही दाखवली. डॉक्टर खरंच ओरडले. मग म्हणाले, आधी हेच नीट घेऊन बघू, पुढचा एमआरआय काय सांगतो ते पाहू आणि मग ठरवू.

रात्रपाळीत अजूनही त्याचा एखादा डोस हुकतो. तेव्हा दुप्पट घ्यायचं नाही, आठवल्यावर एकच घ्यायचं आणि पुढचा त्यानंतर किमान 48 तासांनी, हे आईने फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवलं आहे. लग्नाचं बोलणं चालू आहे. मुलीला आजार आधी सांगायचा, यावर मी अडून बसले होते. तो म्हणतो, फ्रिजवरच लिहिलंय, आता लपवणार काय.