आधी विभाग बघ, मग विद्यापीठ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बी.ए.चा निकाल कळला, फार बरं वाटलं. समाजशास्त्रात एम.ए. करायला कालिन्याला, म्हणजे मुंबई विद्यापीठातच जावं का, आणि रँकिंग किती मनावर घ्यावं, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर रँकिंग बाजूला ठेव. जिथे दोन वर्षं काढायची त्या विभागाची नीट चौकशी कर.

रत्नागिरीत तू तीन वर्षं शिकलीस. हॉलतिकिटावर, गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव होतं, पण त्याच्याशी संबंध आला तो परीक्षेपुरताच. हे विद्यापीठ जन्मालाच तसं आलं. १८ जुलै १८५७ रोजी ते स्थापन झालं, तेव्हा नमुना होता लंडन विद्यापीठाचा: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. १८६२ साली पहिले बी.ए. झाले ते चौघे, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघेही शिकले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. भांडारकर पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंतची कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली होती. पुणे, गुजरात, कर्नाटक ही विद्यापीठं १९४९च्या सुमारास वेगळी झाली. तरी आजही मुंबई ते सिंधुदुर्ग शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचा भार त्याच्यावर आहे, आणि तो कधी कधी पेलत नाही. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय घाईने अमलात आला, निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश लटकले, शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तुझे वडील ज्याला घाबरतात ते हेच आहे, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. पण ही विद्यापीठाची एक बाजू झाली. एम.ए.ला गेलीस की दुसरी दिसेल.

१९०४च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची, प्राध्यापक नेमायची मुभा मिळाली. मुंबईने ती हळूहळू वापरली. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि त्यावर आले पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. वर्गापेक्षा शहर पायी फिरून ते समजून घेण्यावर त्यांचा भर असे. विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन मालवणचा एक संस्कृतचा विद्वान इंग्लंडला पाठवला, तो केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन परतला आणि १९२४पासून पस्तीस वर्षं त्याने हा विभाग सांभाळला. ते गोविंद सदाशिव घुर्ये. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे तिघेही त्यांचे विद्यार्थी. आता या तिघांची वाट बघ: इरावतीबाई नातेसंबंध आणि मानववंशशास्त्राकडे गेल्या, श्रीनिवास खेड्यात जाऊन राहिले, देसाई मार्क्सवादी. एकाच गुरूच्या हाताखालून इतकी वेगवेगळी माणसं निघतात, यात त्या विभागाचं मोठेपण आहे असं मला वाटतं. अशी गोष्ट रँकिंगच्या कोणत्या रकान्यात बसवणार?

घुर्यांचा काळ गेला, हे मलाही कळतं. जुन्या नावावर भुलून प्रवेश घेऊ नकोस. आज तिथे कोण शिकवतं, त्यांनी गेल्या पाच वर्षांत काय लिहिलं, किती जागा रिकाम्या आहेत आणि किती तासांचं काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललंय, हे विचार. ऑफिसात नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, त्या विभागातले अलीकडचे दोन शोधप्रबंध उघड, आणि प्रस्तावनेवर न थांबता क्षेत्रकार्याचं प्रकरण वाच. कुणाशी किती बोलले, कुठे राहिले, काय अडचणी आल्या, हे तिथे कळतं. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडून काम करून घेतलंय की नुसती सही केलीय, तेही दोन-चार पानांत लक्षात येतं.

मुंबईला जाशील तेव्हा फोर्टातलं राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालयही बघून ये. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने मनोऱ्यासाठी दोन लाख आणि ग्रंथालयासाठी दोन लाख दिले होते, कापसाच्या तेजीच्या दिवसांत. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने आराखडा विलायतेत बसून काढला, मुंबई न पाहता. मान वर करून मनोऱ्यावरचे दगडी पुतळे नीट बघ. ते पश्चिम भारतातल्या जातींचे नमुने म्हणून घडवलेत, प्रत्येकाची पगडी नि वेष वेगळा. जात ही वस्तू एकोणिसाव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना कशी दिसत होती, याचा तुझ्या विषयातला पुरावाच तिथे उभा आहे. त्यावर एक टिपण लिहून मला पाठव.

खर्चाचं म्हणशील, तर वसतिगृहाच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे तो अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच कर. पदवी याच विद्यापीठाची असल्याने स्थलांतर प्रमाणपत्राची कटकट तुला नाही. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर मात्र आत्ताच काढून ठेव, तहसील कार्यालयात जूनमध्ये रांगा लागतात.

तुझा,
सर