नवऱ्याची जबरदस्ती आणि कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नवरा मुंबईला कामाला. गणपतीला, शिमग्याला घरी आला की दारू पिऊन जबरदस्ती करतो, नाही म्हटलं तर मारतो. पोलीस म्हणाले, "नवरा-बायकोत बलात्कार होत नाही," आणि एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून पाठवलं. काहीच करता येणार नाही का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : पोलिसांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. भारतीय न्याय संहितेत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) बलात्काराच्या कलम ६३ मध्ये तसा अपवाद आहे खरा. बायको १८ वर्षांच्या आतली नसेल, तर नवऱ्याचा संभोग बलात्कारात धरत नाहीत. हा अपवाद काढा, असं दिल्लीच्या २०१२ मधल्या बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्येच सुचवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं २०२२ मध्ये यावर एकमत झालं नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या मते अपवाद जायलाच हवा. पण तुम्ही त्यासाठी थांबू नका.

मारहाण आणि छळ यांना लग्नाची सवलत नाही. कलम ८५ (जुनं ४९८अ) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तक्रार तुम्ही स्वतः किंवा नातेवाइकाने दिली की गुन्हा दखलपात्र होतो, म्हणजे पोलिसांना तो नोंदवून तपास करावाच लागतो. ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पण तुमच्यासाठी अधिक उपयोगी आहे तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात लैंगिक अत्याचार वेगळा नमूद आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, ते घटनेचा अहवाल भरून देतात. कलम १२ चा अर्ज तुम्ही राहता तिथल्याच न्यायालयात चालतो, मुंबईला खेपा नकोत. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असं कायदा सांगतो. अंतरिम आदेश नवऱ्याच्या गैरहजेरीतही मिळू शकतो, म्हणून सण तोंडावर यायच्या आधीच अर्ज टाका. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्हाला कुणी सहज बाहेर काढू शकत नाही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज कुठे फसतात? लाजेपोटी बाई नुसतं "त्रास देतो" लिहिते. पुढे उलटतपासणीत खरी गोष्ट सांगितली की समोरचा वकील म्हणतो, हे मागाहून सुचलं. काय केलं, नकार कसा दिला, जखम कुठे झाली, हे पहिल्याच अर्जात लिहा. तारीख आठवत नसेल तर "गौरी-विसर्जनाची रात्र" असं लिहा. चुकीची तारीख टाकण्यापेक्षा ते बरं. जखम असेल तर शक्यतो ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा आणि केसपेपरवर "नवऱ्याने जबरदस्ती व मारहाण केली" अशी नोंद करून घ्या. "पडून लागलं" असं एकदा लिहिलं गेलं की पुसणं अवघड. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००, तातडीला ११२ किंवा १८१.

प्रश्न : बहीण दीड वर्ष माहेरी आहे, घटस्फोट नाही. मुलाला भेटायला म्हणून येऊन मेहुण्याने जबरदस्ती केली. मी तक्रार देऊ का?
– मालवण

उत्तर : इथे न्याय संहितेचं कलम ६७ लागतं: वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर नवऱ्याने जबरदस्ती केली तर दोन ते सात वर्षं कैद. न्यायालयाचा हुकूम नसला तरी वेगळं राहणं पुरेसं आहे. नुसतं नोकरीमुळे दूर राहणं मात्र त्यात बसवणं कठीण. तक्रार बहिणीनेच द्यायला हवी, तुमची चालणार नाही. मुलाचा इथला शाळेचा दाखला, रेशन कार्डावरचं नाव हे वेगळं राहण्याचे पुरावे जमवा. गुन्हा जामीनपात्र आहे, तो लगेच सुटून दारात येऊ शकतो. म्हणून संरक्षण आदेशही सोबतच मागा.

प्रश्न : "नांदायला ये" अशी वकिलाची नोटीस आली आहे. गेले नाही तर अटक होईल?
– राजापूर

उत्तर : नाही. १८८७ मध्ये मुंबईत नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना "नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग" असा हुकूम झाला होता; तो काळ गेला. आज हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली हुकूम झाला तरी फार तर मालमत्तेवर जप्ती येते, शरीरावर हक्क कुणालाच मिळत नाही. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या आणि न जाण्याचं कारण त्यात स्पष्ट लिहा. दावा दाखल झाला तर तारखेला हजर राहा, नाहीतर निकाल एकतर्फी लागेल.