टेबलाला पडलेली भेग

प्रश्न : सागवानी फळ्या जोडून मी घरीच टेबल केले आणि वरची फळी चौकटीला स्क्रूंनी घट्ट आवळली. कोरड्या हवेत तिला भेग का पडली?

उत्तर : लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आक्रसते, हा फरक लांबीत जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र मीटरमागे काही मिलिमीटर असतो, आणि जखडलेल्या फळीला आक्रसायला वाव न मिळाल्याने ती फाटते. चौकटीच्या मधली भोके तशीच ठेवून कडेची भोके लाकडातील रेषांच्या आडव्या दिशेने लांबट करावीत व वॉशर घालून स्क्रू बेतानेच आवळावेत. पॉलिश खालच्या बाजूलाही अवश्य द्यावे. ते टाळले, तर एकाच बाजूने ओलावा शिरून फळी वाकते. भेगेत लांबी (फटी बुजवायची पुट्टी) मात्र भरू नये, कारण फळी पुन्हा फुगताच ती बाहेर ढकलली जाते.