आयुष्यभर दुसऱ्याचं नाव विणलं, माझं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, शेवटची वीस जाबर (मागाचा मिस्त्री) म्हणून. आता रिटायर आहे. आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी जेवढी लिंगं स्थापली तेवढं माझं वय झालं, अडुसष्ट. मागच्या महिन्यात माझ्या बरोबरीचा एक मित्र गेला, तेराव्याला जेवून घरी आलो आणि झोपच लागेना. चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणलेलं असतं बघा, असली हजारो नावं माझ्या हाताखालून गेली, त्यात माझं एकदा पण नाही. म्हणून मंदिरात ५१ हजार देऊन संगमरवरी पाटीवर नाव टाकावं असं मनात आहे. बायको म्हणते पैसे ठेवा, पुण्यातला मुलगा म्हणतो बाबा असं निगेटिव्ह बोलू नका. नेत्रदानाचा पण विचार आहे पण बायको म्हणते पुढच्या जन्मी आंधळे व्हाल. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका नमस्कार. मुलाचं आधी सांगते, तुम्ही बोलताय ते निगेटिव्ह वगैरे काही नाही, त्याला भीती वाटते म्हणून तो विषय बदलतो, एवढंच. मी पण माझ्या वडिलांना हेच म्हणायचे.

आता पाटीचं. तुम्ही रिक्षात बसून ‘चार पुतळ्याला सोड’ किती वेळा म्हणाला असाल? ते पुतळे कुणाचे? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलेली ही चार माणसं, आणि आपण सोलापूरकर त्यांचा आकडा करून टाकलाय, वर रिक्षावाल्याशी वीस का तीस म्हणून घासाघीस. मी हे नावं ठेवायला सांगत नाही, मी स्वतः तिथंच उतरते. पण फासावर गेलेल्यांच्या नावाचं जर असं होतं तर ५१ हजाराच्या पाटीवर लोक चपला काढताना हात टेकवणार, वाचणार कोण?

माझे अण्णा पेटी वाजवायचे. आपल्यामागं लोक पेटीची आठवण काढतील अशी त्यांची फार इच्छा, आणि खरं सांगू का, पेटी बेताचीच वाजवायचे. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते पण कधी रात्री दोनला, आणि अण्णा झोपेतून उठून प्रत्येकाच्या दाराची कडी वाजवत ‘ओ पाणी आलंय बघा’ करत सगळी गल्ली उठवायचे, लोक शिव्या पण द्यायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. अजून रात्री पाणी आलं आणि कुणाचं भरायचं राहिलं की सकाळी हमखास कुणीतरी म्हणतं, अण्णा असते तर कडी वाजली असती. पेटीचं नाव कुणी काढत नाही. अण्णांना कळलं असतं तर रुसून बसले असते.

मंदिराला द्यायचे तर द्या की, पण बायकोच्या औषधपाण्याचं बाजूला काढून मग द्या, आणि ५१ हजारच कशाला.

नेत्रदान जरूर करा. वहिनींना सांगा की बहुतेक वेळा डोळ्यावरचा पुढचा पारदर्शक पडदाच (कॉर्निया) काढतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असो, शुगर असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, तरी चालतं. पण फॉर्म भरून तुमचं काम संपलं असं समजू नका, कारण तुम्ही गेल्यावर फोन वहिनी नाहीतर मुलगाच करणार, आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, फॅन बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पुढच्या जन्माच्या भीतीवर माझ्याकडे उत्तर नाही, पण वहिनी देवभोळ्या असतील तर दानाचं पुण्य त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिथून बोलायला सुरुवात करा.

मृत्युपत्र पण करून टाका. साधा कागद चालतो, तुमची सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनी पण करायची, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका. रजिस्टर केलेलं बरं पण सक्ती नाही. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं लोक धरून चालतात, पण नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याची. मुलगा दिवाळीला आला की ‘मी गेल्यावर’ अशी सुरुवात करू नका, फाईल कुठं ठेवलीय ती नुसती दाखवा.

एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढं मोठं पत्र लिहिलं, त्यात वीस वर्षं जाबर होतो हे एका ओळीत उरकलं. जाबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. तुमच्या हाताखाली किती पोरं शिकली? त्यातली किती अजून मागावर आहेत? तुटलेला धागा तुम्ही जसा जोडायचा तसाच अजून कोण जोडतो? एकदा कारखान्यात चक्कर मारून या आणि काय दिसलं ते मला लिहा.